पोटरीतला गोळा : मोडशीपासून ट्रायथलॉनपर्यंत

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. एकाच आठवड्यात पायात गोळे येण्याची तक्रार घेऊन माझ्याकडे दोन रुग्ण आले.

पहिला होता चाळिशीतला मजूर, हळद शिजवण्याच्या कामावरचा. आमच्या परभणी-हिंगोली भागात उन्हाळ्याच्या तोंडाशी हे काम जोरात असतं. डोक्यावर ऊन आणि समोर उकळत्या हळदीची वाफ. त्या दिवशी त्याचा उपवास होता. सकाळपासून पोटात चहा आणि पाणी, एवढंच. पाणी मात्र भरपूर, तांब्यावर तांब्या. दुपारनंतर आधी पोटऱ्या, मग मांड्या, मग पोटाचे आणि हाताचे स्नायू एकामागून एक आवळायला लागले. घरच्यांनी त्याला उचलूनच आणलं.

दुसरा चौतीस वर्षांचा, बँकेत नोकरीला. दर रविवारी सायकलवर जिंतूरहून येलदरी धरणापर्यंत जाणारा. गोव्यातल्या अर्ध्या अंतराच्या ट्रायथलॉनची तयारी चालली होती. सायकलवरून उतरून धावायला लागलं, की तिसऱ्या-चौथ्या किलोमीटरला उजव्या पोटरीत गोळा येई. मित्रांनी सांगितलं, "मीठ कमी पडतंय." म्हणून तो मिठाच्या कॅप्सूल घेत होता. तरी गोळा येतच होता.

पहिल्याच्या रक्तातलं सोडियम कमी होतं. सलाईन लावल्यावर दोन तासांत तो उठून बसला. दुसऱ्याचे सगळे रिपोर्ट नॉर्मल. तो जरा हिरमुसला. "मग डॉक्टर, मला होतंय तरी काय?"

त्याला उत्तर देता देता मला जो इतिहास सांगावा लागला, तोच आज तुमच्यासाठी लिहितो आहे. पायातल्या गोळ्याचं कारण वैद्यकशास्त्राने एकदा नाही, दोनदा शोधलं. पहिलं उत्तर बरोबर होतं, पण ते आपण सगळ्यांनाच लावून टाकलं. गोंधळ तिथूनच सुरू झाला.

आपले जुने शब्द

मराठीत या त्रासाला नावं बरीच आहेत. गोळा येणं, पेटके येणं, वांब येणं. कुणी म्हणतं, "शिरेवर शीर चढली." (शीर कुठेही चढत नाही. स्नायूचा एक भाग आपोआप घट्ट आवळतो आणि सुटत नाही, म्हणून हाताला गाठीसारखा लागतो.)

आयुर्वेदाच्या ग्रंथांतही याची नोंद आहे. चरकसंहितेत वाताच्या ऐंशी विकारांच्या यादीत 'पिंडिकोद्वेष्टन' येतं, म्हणजे पोटरी पिळवटणं. हातापायांत पिळवटल्यासारखी वेदना होते, त्या विकाराला 'खल्ली' म्हटलं आहे. आणि सुश्रुतसंहितेत विसूचिकेच्या, म्हणजे जुलाब-उलट्यांच्या तीव्र आजाराच्या लक्षणांत अतिसार, वांती, तहान यांच्याबरोबर 'उद्वेष्टन' आहे. अंगातलं पाणी झपाट्याने गेलं की गोळे येतात, हे निरीक्षण इतकं जुनं आहे.

गोव्यातली मोडशी, १५४३

या निरीक्षणाची एक ठळक नोंद आपल्या शेजारच्या गोव्यातली आहे. १५४३ साली तिथे जुलाब-उलट्यांची भयंकर साथ आली. पोर्तुगीज इतिहासकार गास्पार कोरैया याने ती लिहून ठेवली. न थांबणारी वांती, जिवाची तहान, सांध्यांच्या शिरांत आणि तळपायात येणारे असह्य गोळे, निस्तेज डोळे, काळी पडलेली नखं, असं ते वर्णन आहे. आजचा कोणताही डॉक्टर ते वाचून म्हणेल, हा कॉलरा. पुढे १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात गार्सिया द ऑर्टा या पोर्तुगीज वैद्याने या आजाराचं स्थानिक नाव दिलं : 'मोर्शी'. हा आपल्या मराठी-कोकणीतल्या 'मोडशी'चा पोर्तुगीज कानाने टिपलेला उच्चार. 'मोडणे' या क्रियापदाशी त्याचं नातं जोडतात. अंग मोडून टाकणारा तो आजार. युरोपात जाता जाता या शब्दाचा अपभ्रंश होत गेला आणि फ्रेंच लोकांनी त्याचं 'मोर द शियां' केलं, म्हणजे 'कुत्र्याचं मरण'! शब्द आपला, अर्थ भलताच.

गोळे का येतात, याचं उत्तर मिळायला मात्र जवळजवळ तीनशे वर्षं गेली. १८३१ साली कॉलरा इंग्लंडात पोचला. विल्यम ओशॉनेसी या तरुण डॉक्टरने रुग्णांचं रक्त तपासलं. त्यातलं पाणी आणि क्षार खूप कमी झाले होते. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडमध्ये थॉमस लट्टा याने मिठाचं पाणी थेट शिरेतून दिलं आणि मरणाच्या दारातले काही रुग्ण डोळे उघडून बोलायला लागले. आपण आज सहज म्हणतो ना, "डॉक्टर, एक सलाईन लावा", त्या सलाईनची ही सुरुवात. ओशॉनेसी पुढे कोलकात्याला आला आणि तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकवू लागला.

खाणीतले आणि धरणावरचे मजूर

कॉलऱ्यात पाणी आणि मीठ पोटातून जातं. घामातून गेलं तर? हा प्रश्न विसाव्या शतकात पुढे आला, आणि तो विचारायला भाग पाडलं कष्टकऱ्यांनी.

इंग्लंडमधल्या खोल कोळसा खाणींत भयंकर उकाडा असे. मजूर लिटरच्या लिटर घाम गाळत आणि तेवढंच पाणी पीत. पाळी संपता संपता त्यांच्या हातापायांत, पोटात असे गोळे येत, की धडधाकट माणूस जमिनीवर लोळत असे. के. एन. मॉस याने १९२३ मध्ये या मजुरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन यानेही तोच निष्कर्ष काढला. घामातून पाण्याबरोबर मीठही जातं, मजूर भरपाई मात्र फक्त पाण्याची करतात. त्यामुळे शरीरात उरलेलं मीठ आणखी पातळ होतं. हाल्डेनने याला एक प्रकारची पाण्याची विषबाधाच म्हटलं. पिण्याच्या पाण्यात थोडं मीठ घालून दिल्यावर त्रास आटोक्यात आला.

त्यानंतरचा टप्पा धरणाचा. अमेरिकेत कोलोरॅडो नदीवर आज ज्याला हूव्हर धरण म्हणतात, ते बांधायला १९३१ मध्ये सुरुवात झाली. जागा वाळवंटातल्या दरीत. त्या पहिल्याच उन्हाळ्यात उष्णतेने मजूर दगावले. १९३२ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या थकव्याचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळेतलं पथक डी. बी. डिल यांच्या पुढाकाराने तिथे गेलं. त्यांनी मजुरांचा घाम, लघवी, रक्त तपासलं. गोळे येणाऱ्या मजुरांच्या रक्तात सोडियम आणि क्लोराइड कमी होते, आणि लघवीत तर क्लोराइड जवळजवळ नव्हतंच. शरीर मिठाचा कण न् कण धरून ठेवायला धडपडत होतं. शिरेतून मिठाचं पाणी दिलं की गोळे सुटत. जॉन टॅलबॉट आणि मायकेलसन यांनी १९३३ मध्ये हे सगळं प्रसिद्ध केलं. मजुरांना सल्ला मिळाला : पाणी प्या, आणि जेवणात मीठही भरपूर घ्या.

हे वाचताना मला नेहमी आमच्या येलदरीची आठवण होते. पूर्णा नदीवरचं हे मातीचं धरण १९६८ मध्ये पूर्ण झालं. लांबी चार किलोमीटरहून जास्त, उंची सुमारे ५१ मीटर. मराठवाड्याच्या उन्हात एवढी माती हलवायची म्हणजे किती घाम गळला असेल! माझे एक जुने रुग्ण तरुणपणी तिथे मातीकामावर होते. ते सांगायचे, "डॉक्टरसाहेब, उन्हाळ्यात रातच्याला पोटऱ्यांत असे वांब यायचे की माणूस ओरडत उठायचा. आमची माय भाकरीसंगं मीठ-मिरचीचा ठेचा अन् ताक दिल्याबिगर कामावर सोडायची नाही." हार्वर्डच्या पथकाने रक्त तपासून जे शोधलं, ते या माउलीला अनुभवाने ठाऊक होतं. ठेचा, कांदा, मीठ घातलेलं ताक, ज्वारीची आंबील हे आपल्या उन्हाळ्यातल्या कष्टाचं जेवण आहे, आणि मिठाची भरपाई त्यातूनच होते.

हळदीच्या कामावरचा माझा रुग्ण याच रांगेतला. घाम लिटरने गेला, उपवासामुळे मीठ पोटात गेलंच नाही, आणि वरून साधं पाणी भरपूर. म्हणून त्याला सलाईनने बरं वाटलं.

मिठाचं उत्तर मैदानात गेलं

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पुढे हेच उत्तर खेळाडूंनाही लागू करण्यात आलं. १९६५ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठात डॉ. रॉबर्ट केड यांनी आपल्या फुटबॉल संघासाठी मीठ-साखरेचं पेय तयार केलं. त्यातून पुढे खेळाच्या पेयांचा मोठा बाजार उभा राहिला. गोळा आला म्हणजे पाणी किंवा मीठ कमी पडलं, हे समीकरण घराघरांत पोचलं.

याच काळात ट्रायथलॉन जन्माला आली. पोहणं, सायकल आणि धावणं, एकामागून एक, मध्ये विश्रांती नाही. १९७४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगो इथे या नावाने पहिली शर्यत झाली. १९७८ मध्ये हवाई बेटांवर पहिली आयर्नमॅन झाली : ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि वर पूर्ण मॅरेथॉन. १५ जण उतरले, १२ जणांनी पूर्ण केली. २००० मध्ये सिडनी ऑलिंपिकमध्ये ट्रायथलॉन आली. आपल्याकडे २०१५ मध्ये मिलिंद सोमणने पन्नाशीच्या उंबरठ्यावर झुरिकची आयर्नमॅन पूर्ण केली, तेव्हा हा शब्द मराठी वर्तमानपत्रांत सर्वांच्या ओळखीचा झाला. २०१९ पासून गोव्यात अर्ध्या अंतराची आयर्नमॅन होऊ लागली आणि जिल्ह्याच्या गावांतली मुलंही तयारी करू लागली. माझा बँकेतला रुग्ण त्यांपैकीच एक.

पण ट्रायथलॉनच्या मैदानावर मिठाचं समीकरण अडखळू लागलं. तुम्हीच विचार करा. मीठ तर सगळ्या शरीरातलं कमी होतं. मग गोळा फक्त दमलेल्या पोटरीतच का येतो, हातात का नाही? थंड पाण्यात पोहताना का येतो? रात्री पंख्याखाली झोपलेल्या, घाम न आलेल्या माणसाला का येतो? आणि पायाची बोटं आपल्याकडे ओढून पोटरी ताणली की मिनिटभरात सुटतो कसा? ताणल्याने रक्तातलं मीठ तर वाढत नाही!

दुसरं उत्तर : दमलेला स्नायू, बिथरलेली नस

१९९७ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या मार्टिन श्वेलनस आणि सहकाऱ्यांनी वेगळं स्पष्टीकरण मांडलं. ते सोप्या भाषेत असं.

प्रत्येक स्नायूला मज्जारज्जूतून नसांमार्फत हुकूम येतो. त्यावर दोन पहारेकरी असतात. एक स्नायूच्या आत असतो. स्नायू ताणला गेला की तो "आवळ" असा निरोप पाठवतो. दुसरा स्नायू आणि हाड जोडणाऱ्या कंडरेत असतो. ओढ फार वाढली की तो "सोड" असा निरोप पाठवतो. स्नायू खूप दमला की पहिला जास्त बोलू लागतो आणि दुसरा गप्प बसतो. मग "आवळ, आवळ" एवढाच हुकूम जात राहतो, आणि गोळा येतो. स्नायू आखडलेल्या स्थितीत काम करत असेल तर धोका अधिक, कारण तेव्हा कंडरेवर ओढ नसते आणि दुसरा पहारेकरी आणखीच गप्प असतो. पोटरी ताणली की कंडरेवर ओढ येते, दुसरा पहारेकरी जागा होतो आणि गोळा सुटतो.

आता ट्रायथलॉन डोळ्यांसमोर आणा. पोहताना पावलं टोकदार ठेवावी लागतात, म्हणजे पोटरी सतत आखडलेली. मग तास न् तास सायकलचे पेडल. आणि मग त्याच दमलेल्या पायांनी धावायचं. पोटरी आणि मांडीच्या मागचा स्नायू यांना गोळ्यासाठी याहून सोयीची शर्यत नसेल.

ही कल्पना तपासली गेली, तीही आयर्नमॅनच्या स्पर्धकांवरच. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २१० स्पर्धकांची शर्यतीआधी आणि नंतर तपासणी झाली. ४३ जणांना गोळे आले. त्यांच्यात आणि इतरांत शरीरातलं पाणी किंवा रक्तातलं सोडियम यांचा असा फरक नव्हता, की ज्यावरून कुणाला गोळा येईल हे सांगता यावं. फरक दोन गोष्टींत होता : ते अधिक वेगाने गेले होते, आणि त्यांना पूर्वीही गोळे येत असत. म्हणजे अंगाला झालेल्या सवयीपेक्षा जास्त जोर लावला, की गोळा.

आता लोणच्याची गंमत. पाश्चात्त्य खेळाडू गोळा आला की लोणच्याचा खार पितात. केव्हिन मिलर याने २०१० मध्ये त्याची परीक्षा घेतली. विजेचे हलके धक्के देऊन पायाच्या अंगठ्याजवळ गोळा आणवला आणि कधी खार, कधी पाणी पाजलं. खाराने गोळा पाण्यापेक्षा सुमारे पाऊण मिनिट लवकर सुटला. इतक्या कमी वेळात त्यातलं मीठ रक्तात पोचणं शक्यच नाही. मग काम कशाने केलं? तोंडाला आणि घशाला बसलेल्या आंबट-खारट झटक्याने. घशातल्या नसांनी मज्जारज्जूपर्यंत निरोप पोचवून तो चुकीचा हुकूम थांबवला असावा, असं मानतात. (रक्तदाब असलेल्यांनी घरच्या लोणच्याच्या बरणीवर हा प्रयोग करू नये!)

वाद अजून पूर्ण मिटलेला नाही. काही खेळाडूंच्या घामात मीठ फार असतं. कपड्यांवर पांढरे डाग पडतात, आणि उन्हात तासन् तास खेळल्यावर त्यांना सगळ्या अंगात गोळे येतात. त्यांना मिठाचा फायदा होतो. म्हणजे ते खेळाडू असले, तरी त्यांचा गोळा खाणीतल्या मजुराच्या जातीचा असतो.

चुकीच्या उत्तराची किंमत

"कारण काहीही असो, पाणी आणि मीठ घेतल्याने बिघडतं काय?" हा प्रश्न मला नेहमी विचारतात. बिघडतं.

गोळ्याच्या भीतीने शर्यतीत तहान नसतानाही पाणी पीत राहिलं, तर रक्तातलं सोडियम धोक्याच्या पातळीखाली जाऊ शकतं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्के जणांचं सोडियम कमी निघालं. त्यात मुख्य कारण होतं अति पाणी पिणं. मेंदूला सूज येऊन यात मृत्यूही होतो. हाल्डेनने खाणीत जे पाहिलं होतं, तेच पुन्हा मैदानावर दिसलं. उलट मिठाच्या गोळ्यांचा मारा केला, तर उलट्या होतात आणि रक्तदाब वाढतो.

कोयनेलचंही तसंच. १९४० मध्ये रात्रीच्या गोळ्यांवर क्विनाईनचा उपयोग प्रसिद्ध झाला आणि अनेक देशांत लोक वर्षानुवर्षं ते घेत राहिले. पुढे कळलं, की क्वचित त्याने रक्तातल्या प्लेटलेट कोसळतात आणि हृदयाची लय बिघडते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९४ मध्ये गोळ्यांसाठी त्याची थेट विक्री बंद केली. मॅग्नेशियमच्या गोळ्याही सरसकट घेतल्या जातात. वयस्कांच्या साध्या गोळ्यांवर त्यांचा म्हणावा असा उपयोग अभ्यासांत दिसलेला नाही.

तुमचा गोळा कोणता?

उन्हात किंवा भट्टीजवळ तासन् तास काम, भरपूर घाम, वर फक्त साधं पाणी, आणि गोळे एका स्नायूतून दुसऱ्यात फिरत असतील, तर तो मिठाचा गोळा समजा. सावलीत आणा, कपडे सैल करा, ओआरएस द्या. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला (चमचा चहाचा). उलट्या, बडबड, गुंगी किंवा अंग तापलेलं असेल तर घरी वेळ घालवू नका.

शर्यतीत किंवा सरावात, दमलेल्या एकाच स्नायूत येत असेल, तर तो थकव्याचा गोळा. थांबा. गुडघा सरळ ठेवा, पायाची बोटं नडगीकडे ओढा आणि मिनिटभर तसंच धरा. पोहताना आला तर घाबरू नका, पाठीवर तरंगा आणि हात वर करून मदत मागा. धरणाच्या किंवा विहिरीच्या पाण्यात एकट्याने सराव करूच नका. तिथे साधा गोळाही जीव घेऊ शकतो. पुन्हा येऊ नये म्हणून वेग आणि अंतर हळूहळू वाढवा, सायकलनंतर लगेच थोडं धावण्याचा सराव करा, पोटऱ्या बळकट करा. पाणी तहानेप्रमाणे प्या.

आणि हे दोन्ही नसेल, गोळे वारंवार येत असतील, तर तपासून घ्या. मधुमेह, थायरॉइड, मूत्रपिंडाचे विकार, लघवी जास्त होण्याची किंवा कोलेस्टेरॉलची औषधं, गरोदरपण, अशी कारणं असू शकतात. चालल्यावर दर वेळी ठरावीक अंतराने पोटरी दुखून थांबावं लागत असेल, तर रक्तवाहिनी अरुंद झालेली असू शकते. एकच पोटरी सुजून, गरम होऊन दुखत असेल तर रक्ताची गुठळी असू शकते. आणि शर्यतीनंतर लघवी चहासारखी गडद झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. स्नायू तुटून मूत्रपिंडावर ताण आल्याची ती खूण आहे.

बँकेतल्या माझ्या रुग्णाने कॅप्सूल बंद केल्या. सायकलचा वेग थोडा कमी केला, धावण्याचं अंतर टप्प्याटप्प्याने वाढवलं, जिना चढायच्या पायरीवर पोटऱ्यांचे व्यायाम सुरू केले. परवा येऊन सांगून गेला, की येलदरीहून परतल्यावर आठ किलोमीटर धावलो, गोळा आला नाही. शर्यत अजून व्हायची आहे, तेव्हा खात्री मी देत नाही.

हळदीच्या कामावरचा मजूर तिसऱ्या दिवशी पुन्हा कामावर गेला. त्याच्या बायकोला मी एवढंच सांगितलं, "उपवास असला तरी ताकात मीठ घालून देत जा." ती म्हणाली, "ते आम्हाला ठाऊक हाय, पण ह्यांनी ऐकाया पाहिजे ना!"